विहिरीला विचारलेले प्रश्न

आपल्या घराण्यांच्या जुन्या दप्तरांत वाड्याच्या वाटणीचा एखादा कागद निघाला, तर त्यात खोल्या, पडव्या आणि परसाबरोबर विहिरीचाही उल्लेख बहुधा सापडतो. भिंती वाटल्या जात. विहीर मात्र सामाईक राही. देश सोडून माळव्यात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास किंवा हैदराबादेस गेलेल्या मराठी कुटुंबांनी वस्ती केली ती पाणी पाहूनच. विहीर, बारव किंवा पाणपोई बांधणे हे पूर्तकर्म मानले गेले. अहिल्याबाई होळकरांची (१७२५-१७९५) कीर्ती त्यांच्या राज्याच्या सीमा ओलांडून सर्वत्र पसरली, तिच्यात देवळे व घाट यांच्याइतकाच विहिरी-बारवांचा वाटा आहे. पाण्याविषयीची ही आस्था आपल्याला वारशाने मिळाली. पाणी तपासण्याच्या विद्येचा इतिहास मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. तो थोडक्यात सांगावा, असा आमचा विचार आहे. कारण त्यातून निघणारा बोध आजही आपल्या दारातल्या विहिरीला आणि नळाला लागू पडतो.

पूर्वजांना पाण्याची पारख नव्हती, असे मुळीच नाही. गोडे, मचूळ, खारे असे पाण्याचे भेद घरातल्या बायकांना जिभेवर कळत. डाळ लवकर शिजते की नाही, यावरून पाण्याचा जडपणा ओळखला जाई, आणि ती परीक्षा रसायनशास्त्राच्या कसोटीलाही उतरते. चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की डाळ लवकर शिजत नाही. विहिरीत कासव सोडण्याची चाल होती. उन्हाळ्यात गाळ उपसला जाई; उपसा चालू राहिला की पाणी ताजे राहते, हेही ठाऊक होते. या साऱ्या परीक्षांचे साधन मात्र एकच होते : डोळा, नाक आणि जीभ. या तिघांना जे कळत नाही, ते पाण्यात असू शकते ही कल्पना तेव्हा जगात कोठेच फारशी रुजलेली नव्हती. युरोपातही नव्हती.

ती कल्पना कशी रुजली, हे पाहण्यासाठी १८५४ सालच्या लंडनला जावे लागते. त्या वर्षी ३१ ऑगस्टच्या रात्रीपासून सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ उसळली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. दुर्गंधीयुक्त हवेतून रोग पसरतो, असे त्या काळचे बहुसंख्य वैद्य मानत. डॉ. जॉन स्नो यांना मात्र पाण्याचा संशय होता. ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक विहिरीच्या पंपाचे पाणी त्यांनी तपासले. परंतु त्यात दोषास्पद म्हणता येईल असे फारसे काही त्यांना दिसले नाही. उलट, ते पाणी चवीला चांगले म्हणून प्रसिद्ध होते. पूर्वी त्या रस्त्यावर राहिलेल्या आणि नंतर हॅम्पस्टेडला गेलेल्या एका वृद्ध विधवेला ते इतके आवडे की रोज गाडीतून तिच्यासाठी बाटली भरून जाई. तेच पाणी पिऊन ती बाई दगावली आणि तिच्याकडे पाहुणी आलेली भाचीही दगावली. हॅम्पस्टेडमध्ये साथ मुळीच नव्हती.

पाणी उत्तर देईना, तेव्हा स्नो यांनी प्रश्न बदलला. मेलेली माणसे कोणते पाणी पीत होती, याची त्यांनी घरोघर चौकशी केली. जवळच्याच अनाथगृहात पाचशेहून अधिक माणसे राहत होती. तेथे स्वतंत्र विहीर होती आणि मृत्यू अवघे पाच झाले. मद्याच्या भट्टीत सत्तरहून अधिक कामगार होते. त्यांना प्यायला बिअर मिळे, ते पंपाकडे फिरकत नसत, आणि त्यांच्यापैकी कोणी मेले नाही. ७ सप्टेंबरला स्नो यांनी स्थानिक पंचमंडळापुढे आपले म्हणणे मांडले आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागलीच होती, हे स्नो यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. शासकीय समितीने त्यांचा निष्कर्ष स्वीकारला नाही. परंतु हेन्री व्हाइटहेड नावाचे तेथील एक तरुण पाद्री, जे आरंभी स्नो यांच्या मताचे विरोधक होते, त्यांनी पुढे स्वतः शोध घेऊन पहिली रुग्ण शोधून काढली. ती होती विहिरीलगतच्या घरातली एक तान्ही मुलगी. तिची दुपटी धुतलेले पाणी घरापुढच्या मळकुंडात ओतले जात होते. १८५५ साली तेथे खणून पाहिले, तेव्हा ते मळकुंड विहिरीपासून तीन फुटांच्याही आत असल्याचे आणि त्याचे वीटकाम ढासळल्याचे आढळले.

पटकीचा जंतू प्रत्यक्ष ओळखून वेगळा करण्याचे काम पुढे आपल्याच देशात पूर्ण झाले. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ च्या डिसेंबरात कलकत्त्यास आले आणि १८८४ च्या आरंभी त्यांनी तो जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. ज्या तळ्याचे पाणी वस्तीतले लोक पीत, त्या तळ्यातही त्यांना तो सापडला. त्यानंतर ग्वाल्हेरहून फार दूर नसलेल्या आग्र्यात अर्नेस्ट हँकिन या सरकारी रासायनिक परीक्षकाने साथीच्या दिवसांत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत रूढ केली. विहिरीचे पाणी काही काळ गुलाबी दिसे. उत्तर हिंदुस्थानात स्थायिक झालेल्या आपल्या घरांतही हे औषध ‘लाल दवा’ याच नावाने ओळखले जाई.

पाण्यात मैला मिसळला आहे काय, हा प्रश्न आता विचारता येऊ लागला. उत्तरासाठी मात्र प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक आणि जाणता माणूस लागे. खेड्यातली विहीर त्यापासून दूरच राहिली. ही अडचण सोडवणारे एक काम ग्वाल्हेरीतच झाले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तेथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. लहान बाटलीत औषधी द्रावणात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी ठेवायची, बाटलीत तपासायचे पाणी भरायचे आणि ती उबदार जागी ठेवून द्यायची. पाण्यात मैल्याचे जंतू असतील, तर त्यांच्यापैकी अनेकांबरोबर हायड्रोजन सल्फाइड हा वायू निर्माण करणारे जंतू असतात. त्या वायूमुळे रात्रभरात पाणी काळे पडते. त्यासाठी वीज लागत नाही की सूक्ष्मदर्शक लागत नाही. या बाटल्या पुढे अनेक देशांत पोहोचल्या, आणि आज आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत पाणी तपासणाऱ्या स्त्रियांच्या हाती त्या दिसतात.

येथवरचा इतिहास विजयाचा वाटतो. परंतु या बाटलीने विचारलेला प्रश्न एकच आहे : पाण्यात मैला आहे काय? ‘नाही’ असे उत्तर आले, तर पाणी निर्दोष ठरले असे आपण समजतो. इतिहासाचा दुसरा, अधिक कठोर भाग येथून सुरू होतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचे दंतवैद्य व्यवसायासाठी गेले. तेथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग असत. मॅके यांना पिण्याच्या पाण्याचा संशय आला. पण नेहमीच्या रासायनिक तपासणीत वावगे असे काही निघेना. आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट या खाणगावातही मुलांच्या दातांची हीच तऱ्हा होती, आणि तेथल्या पाण्याचा अहवालही निर्दोष होता. १९३१ साली त्या गावाची खाण चालवणाऱ्या ॲल्युमिनियम कंपनीतील प्रमुख रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांनी वर्णपटाच्या साहाय्याने ते पाणी नव्याने तपासले, तेव्हा त्यात फ्लोराइडचे प्रमाण अतिशय जास्त आढळले. यात पहिल्या तपासण्या चुकल्या नव्हत्या. फ्लोराइडचा प्रश्न त्यांत विचारलेलाच नव्हता, इतकेच.

हाच प्रश्न लवकरच दख्खनमध्ये उभा राहिला. १९३४ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पशुवैद्यकीय अहवालात गुरांमधील फ्लोराइडजन्य विकाराची नोंद झाली. १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात डॉ. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांमधील विकाराचे वर्णन केले. आरंभी दात डागाळतात. पुढे सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो आणि ऐन उमेदीतला माणूस वाकून जातो. नलगोंडा जिल्ह्यातील कित्येक गावांनी हे पिढ्यान् पिढ्या सोसले. ग्रॅनाइटी खडकात पाणी दीर्घकाळ मुरून राहिले की खडकातले फ्लोराइड त्यात विरघळते. ते पाणी दिसायला नितळ असते आणि उकळूनही त्याचा दोष जात नाही. उलट पाणी आटले की प्रमाण वाढते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांच्या साहाय्याने फ्लोराइड कमी करण्याची पद्धत बसवली. तिला नाव मिळाले ते नलगोंड्याचेच. तथापि, औषधांचे माप रोज बिनचूक साधणे आणि उरलेल्या गाळाची नीट विल्हेवाट लावणे खेड्यात अवघड जाई. तेलंगण राज्यात २०१६ साली मिशन भगीरथ ही योजना सुरू झाली आणि नदीचे शुद्ध केलेले पाणी नळाने अशा गावांपर्यंत नेण्यात आले. आखडलेले सांधे मात्र पाणी बदलल्याने सुटत नाहीत.

सर्वांत मोठा धडा बंगालने दिला, आणि तो दिला चांगल्या हेतूने केलेल्या कामाने. बंगालच्या खेड्यांत लोक तळ्यांचे आणि डबक्यांचे पाणी पीत. पटकी आणि हगवण दरवर्षी मुलांना घेऊन जाई. म्हणून सरकारांनी आणि युनिसेफसारख्या संस्थांनी हातपंपाच्या नळविहिरींचा, म्हणजे कूपनलिकांचा, प्रसार केला. विशेषतः १९७० च्या दशकापासून त्यांची संख्या झपाट्याने वाढली. स्नो आणि कॉख यांनी शिकवलेला प्रश्न विचारला, तर या पाण्याचे उत्तर उत्तम होते : त्यात मैला नव्हता. पुढे लोक स्वखर्चाने आपापल्या अंगणात नळविहिरी खोदू लागले. ती सुबत्तेची खूण झाली.

१९८३ च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे विलक्षण रुग्ण येऊ लागले. छातीवर व पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग, तळहात व तळपाय खरखरीत आणि घट्टे पडलेले. गावातले लोक याला महारोग समजून या माणसांपासून दूर राहत. डॉ. साहा यांनी निदान केले ते आर्सेनिकचे, म्हणजे सोमलाचे, आणि ते येत होते नळविहिरीतून. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटलेले आर्सेनिक, जमिनीखाली प्राणवायू नसलेल्या थरांत सुटे होऊन पाण्यात उतरते. उथळ आणि उघड्या आडाच्या पाण्यात ते सहसा फार नसते. जुन्या आडात जंतू होते पण सोमल नव्हता. नव्या नळात जंतू नव्हते पण सोमल होता. पुढे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती यांनी वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून नमुने गोळा केले आणि हे संकट जगापुढे मांडले.

सीमेपलीकडे बांगलादेशात मात्र १९९३ साली चपाई नवाबगंज येथे आर्सेनिक आढळेपर्यंत कोणी ते शोधले नव्हते. त्याआधी १९९२ साली ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने तेथल्या काही नळविहिरींचे पाणी अनेक घटकांसाठी तपासले होते. त्या यादीत आर्सेनिक नव्हते. पुढे एका पीडित नागरिकाने या संस्थेवर इंग्लंडमध्ये दावा लावला. तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००६ साली फेटाळला गेला. पाणी पिण्यास योग्य असल्याची हमी संस्थेने दिलीच नव्हती, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यही असेल. परंतु अहवाल वाचणारा माणूस यादीत काय नाही ते पाहत नाही. ‘दोष आढळला नाही’ एवढेच तो वाचतो.

१९९८-९९ साली सुमारे साडेतीन हजार नळविहिरी तपासल्या गेल्या, तेव्हा उथळ नळविहिरींपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक विहिरींत आर्सेनिक तेथल्या मर्यादेपलीकडे निघाले. मग देशव्यापी मोहीम निघाली. सुमारे ५० लाख नळविहिरी जागेवरच तपासल्या गेल्या. जस्त आणि आम्ल यांच्या योगाने आर्सेनिकचा वायू करायचा आणि रासायनिक कागदावर उमटलेला डाग रंगपट्टीशी ताडून पाहायचा, अशी ती चाचणी. तिचे मूळ, विषप्रयोगाचे खून उघडकीस आणण्यासाठी जेम्स मार्श यांनी १८३६ साली शोधलेल्या पद्धतीत आहे. मर्यादेआतली विहीर असेल तर तिच्या पंपाला हिरवा रंग, मर्यादेबाहेरची असेल तर लाल. सुमारे १४ लाख पंप लाल झाले. शेजारी-शेजारी असलेल्या दोन विहिरींपैकी एक लाल आणि एक हिरवी, असेही पुष्कळ ठिकाणी झाले. म्हणून शेजाऱ्याच्या उत्तरावर आपले उत्तर काढता येईना. रंग लावून मोहीम निघून गेली. त्यानंतर शेजारणीच्या हिरव्या पंपावर कळशी घेऊन जायचे की आपल्या लाल पंपाचे पाणी प्यायचे, हा प्रश्न ज्या त्या बाईलाच सोडवावा लागला.

आता आपल्या दाराकडे वळू. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळी, १८९२ साली, आजव्याच्या तलावाचे काम पुरे होऊन नळाचे पाणी आले. हैदराबादेत १९२० साली उस्मानसागर पूर्ण झाला. अशा योजनांनी वाड्यांतल्या विहिरींना निवृत्त केले. उपसा थांबला, गाळ साचला, काही विहिरी बुजवल्या गेल्या. पुढे पाण्याची टंचाई आली तशी त्यांच्या शेजारी बोअरवेल खोदल्या गेल्या, आणि पाणी नितळ लागले म्हणून आपण समाधानी झालो. भारतीय मानक ब्यूरोचे पिण्याच्या पाण्याचे मानक, आय. एस. १०५००, प्रथम १९८३ साली प्रसिद्ध झाले. त्यातील मर्यादांनुसार प्रत्येक लिटरमध्ये आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा आणि फ्लोराइड १ मिलिग्रॅमपेक्षा (दुसरे पाणी नसल्यास १.५ मिलिग्रॅमपेक्षा) अधिक असू नये, मैल्याचे जंतू तर १०० मिलिलिटरमध्ये एकही असू नये. मळटाक्यांच्या दाटीत असलेल्या शहरी विहिरींच्या बाबतीत नायट्रेटचा प्रश्न मुद्दाम विचारला पाहिजे, कारण अंगावरचे सोडून वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका विशेष असतो. आमचे सांगणे एवढेच की आपल्या विहिरीचा किंवा बोअरचा अहवाल हाती आला, तर ‘योग्य’ हा शेरा वाचून तो कपाटात ठेवू नये. काय काय तपासले, ती यादी वाचावी. आणि आपल्या भागातल्या खडकाला व वस्तीला साजेसा जो प्रश्न यादीत नसेल, तो विचारायला लावावा. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाणी एकसारखे नसते, हेही ध्यानात ठेवावे.

हा इतिहास सांगताना शेवटी एका ताज्या दुःखाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिला मान मिळवणाऱ्या इंदुरात, २०२५ च्या डिसेंबरअखेरीस भागीरथपुरा या वस्तीत पिण्याच्या नळवाहिनीत सांडपाणी मिसळले. शेकडो माणसे आजारी पडली आणि अनेकांचे प्राण गेले. पाण्याला वास येतो, रंग बदलला आहे, अशा तक्रारी रहिवाशांनी आधीच केल्या होत्या, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. ब्रॉड स्ट्रीटवर जिभेने माणसाला फसवले आणि बंगालमध्ये डोळ्याने. येथे मात्र नाक आणि जीभ खरे सांगत होती, आणि ते वेळीच ऐकले गेले नाही. प्रश्न न विचारल्याने जेवढी माणसे मरतात, तेवढीच उत्तर न ऐकल्यानेही मरू शकतात. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंचमंडळाची स्नो यांच्या म्हणण्यावर पुरती खात्री पटली नव्हती, तरीही त्यांनी दुसऱ्या दिवशी दांडा काढला. पुण्यकर्म म्हणून विहीर बांधणाऱ्या पूर्वजांचे आपण वंशज आहोत. तिला वेळोवेळी योग्य प्रश्न विचारणे आणि तिचे उत्तर कानाआड न करणे, हेही त्याच पूर्तकर्माचे पुढचे अंग आहे, असे आम्हांस वाटते.